हार्डवेअरच्या काउंटरवरच्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव विचारायचं राहिलं, म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितोय. चवथीला चार दिवस उरले होते, गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सामानातून वाट काढावी लागत होती, आणि तुमच्या काउंटरवर एक घामाघूम माणूस टेफ्लॉन टेपचं तिसरं रीळ मागत होता. तो मी. तुम्ही टेप दिली नाहीत. "कशाला हवी?" असं विचारलंत.

खोटं कशाला बोलू, रागच आला होता. सिंकखाली तीन दिवस बादली, कपाटाचं प्लायवूड फुगून दार लागेना. प्लंबर रोज फोनवर "फाल्यां येतां", उद्या येतो, म्हणायचा आणि ते फाल्यां काही उजाडत नव्हतं. नेवऱ्यांचं सारण परतायचं सोडून आई न्हाणीत भांडी घासत बसलेली. मी व्हिडिओ बघून नटाच्या आट्यांवर टेप गुंडाळली, पान्याने जीव खाऊन आवळलं, वरून एपॉक्सी थापलं. गळती वाढली.

तुम्ही शांतपणे म्हणालात, "आदीं उदक खंयच्यान गळटा तें पळयात." आधी पाणी कुठून गळतंय ते बघा. मागे माणसं खोळंबली होती, तरी पाच मिनिटं दिलीत. नळाच्या पाण्याला दाब असतो, तिथे आट्यांवर टेप लागते. सिंकचं पाणी स्वतःच्या वजनाने खाली जातं, आणि ट्रॅपच्या, म्हणजे सिंकखालच्या त्या बाटलीसारख्या भागाच्या, नटात पाणी अडवतो तो आतला रबरी वॉशर. आटे नुसते त्याला दाबून धरतात. म्हणजे मी तीन दिवस जिथे टेप गुंडाळत होतो, तिथे तिचं कामच नव्हतं!

तुम्ही सांगितलेली युक्ती तशीच केली. सगळे पाइप फडक्याने कोरडे पुसले, खाली वर्तमानपत्र पसरलं, सिंकला बूच लावून पाणी भरलं आणि थांबलो. दहा मिनिटांत कागदावर थेंब नाही. म्हणजे सिंकच्या तळाचं कपलिंग ठीक होतं. नाहीतर मी तेही उचकटायला निघालो होतो. मग बूच काढलं. पाणी धो धो सुटलं आणि बॉटल ट्रॅपच्या वरच्या नटाखाली कागद भिजला. हातात टॉर्च धरून आई म्हणाली, "आता तरी दिसलं ना?"

बादली ठेवून ट्रॅप उघडला. आतून काय निघालं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगतो, त्यात बांगड्याचा काटा होता, आणि गेल्या कित्येक महिन्यांच्या नारळाचा चव. तेवढ्यात त्या ट्रॅपची किंमतही कळली. त्यात अडून राहिलेल्या पाण्यामुळेच गटाराचा वास आणि झुरळं वर येत नाहीत. पाइपवरचा वॉशर लाकडासारखा कडक झालेला, आणि तोही उलटा! निमुळती बाजू ट्रॅपच्या तोंडात बसायला हवी, ती नटाकडे होती. हा पराक्रम माझाच असणार, मागच्या वर्षी ट्रॅप साफ केला होता तेव्हाचा.

"जुना वॉशर घेऊन या, 32 एमएम की 40 ते अंदाजाने ठरवू नका," असं तुम्ही बजावलं होतंत, म्हणून तो काळा तुकडा पिशवीत घालून पुन्हा आलो. तुम्ही नाक न मुरडता हातात घेतलात, शेजारी नवा ठेवून जोखलात. "पाना घरी ठेवा. हाताने आवळा, मग थोडासाच पीळ. प्लास्टिक आहे, चिरेल." बरोबर एक वॉशर जास्तीचा दिलात. माझे आधीचे टेपचे पैसे वाचवता आले असते, पण ते मी दुसऱ्या दुकानात घालवले होते, तिथे कोणी काही विचारलं नव्हतं.

चवथीचे पाचही दिवस घरात पंधरा-वीस माणसं जेवून गेली. भांड्यांचे ढीग त्याच सिंकमध्ये घासले. मी रोज रात्री गुपचूप कपाट उघडून वर्तमानपत्र चाचपत होतो. कोरडं. दार मात्र अजून लागत नाही.

विसर्जनानंतर दुकानात आलो तर तुम्ही गावी गेला होतात. आईने दिलेला नेवऱ्यांचा डबा मालकांकडे ठेवलाय. तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर किती उरतील देव जाणे. आणि त्या जास्तीच्या वॉशरचे पैसे तुम्ही घेतले नव्हतेत, ते द्यायला येईन.

तुमचा,
तिसऱ्या टेपवाला