चौघे हवेत : अंथरुणाला खिळलेल्यांच्या सेवेसाठी आवाहन

प्रभूमधील बंधुभगिनींनो, सप्रेम जय ख्रिस्त. आणि हे आवाहन वाचणाऱ्या आपल्या सर्व शेजाऱ्यांना नमस्कार.

बायबलमधल्या मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघात झालेल्या एका माणसाला चौघे जण उचलून आणतात. दारात गर्दी, आत जायला वाट नाही, म्हणून ते छपरावर चढतात, छप्पर उसकटतात आणि माणसासकट बाज खाली सोडतात. येशूने त्यांचा विश्वास पाहिला, असे तिथे लिहिले आहे. ते चौघे तोंडाने काही बोलल्याची नोंद नाही. त्यांनी उचलले, चढवले, सोडले, आणि एवढ्यातच तो विश्वास दिसला.

आपल्या चर्चच्या मंडळीच्या रुग्णसेवा समितीला असे चौघे हवे आहेत, एकेका रुग्णामागे चार.

नगर शहरात आणि जवळच्या वाड्यावस्त्यांवर अर्धांगवायू झालेली, खुब्याचे हाड मोडलेली, कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यावरची माणसे घरोघर पडून आहेत. दवाखान्यातून आठ-दहा दिवसांत घरी पाठवतात. पुढचे महिने, कधी वर्षे, घरच्यांची. दवाखान्यात तीन पाळ्यांमध्ये वाटलेले काम घरी एकटी बायको किंवा सून करते, कधी सत्तरी ओलांडलेला नवरा करतो. अशा घरी समाचाराला जाणारे मंडळीत पुष्कळ आहेत. वचन वाचले जाते, प्रार्थना होते, चहा होतो. त्या प्रार्थनेचा आधार घराला वाटतोच. पण पाहुण्यांसाठी चहा टाकणाऱ्या त्या बाईला त्याच वेळी चादरीचे दुसरे टोक धरायला कुणीतरी हवे असते, आणि ते मागायचा तिला संकोच वाटतो.

काम काय असते, ते नीट सांगतो. त्यावरून तुम्हाला जमेल की नाही हे ठरवता येईल.

पडून असलेल्या माणसाला सर्वांत मोठा धोका पाठीच्या जखमांचा, म्हणजे बेडसोरचा. माकडहाड, खुबे, टाचा, घोटे आणि डोक्याची मागची बाजू, जिथे हाड कातडीच्या जवळ आहे तिथे वजनाने रक्त पोचत नाही आणि कातडी आतून मरू लागते. म्हणून दर २ तासांनी कूस बदलायची. हे एकट्याने करायला गेले की माणूस ओढला जातो, ओढताना कातडी घासते आणि जी जखम टाळायची तीच होते. बहुतेक घरांत चुकते ते इथेच. घरच्यांची हयगय हे त्याचे कारण नसते, हात अपुरे पडतात.

दोघांनी मिळून ते असे करायचे. ६० बाय ९० इंची साधी सुती चादर मधोमध दुमडून रुग्णाच्या खाली आडवी घालायची, खांद्यापासून मांडीच्या मध्यापर्यंत. नर्स हिला ड्रॉशीट म्हणतात. दोघांनी दोन बाजूंना उभे राहून चादरीच्या कडा रुग्णाच्या अंगापर्यंत घट्ट गुंडाळायच्या, मुठी वरून धरायच्या, आणि एक-दोन-तीन म्हणून किंचित उचलून माणसाला आधी उलट्या बाजूला सरकवायचे. डाव्या कुशीवर घ्यायचे असेल तर आधी उजवीकडे. असे केले की वळल्यावर तो पलंगाच्या मधोमध येतो, काठावर जात नाही. मग उजवा गुडघा दुमडायचा, उजवा हात छातीवर घ्यायचा, आणि डाव्या बाजूच्या माणसाने खांदा व खुबा धरून आपल्याकडे वळवायचे. लुळा पडलेला हात धरून कधीही ओढू नये; खांदा निसटतो आणि ते दुखणे कायमचे राहते.

वळवून झाले तरी काम संपत नाही. पूर्ण आडव्या कुशीवर सगळे वजन खुब्याच्या हाडावर येते. म्हणून पाठीमागे उशी देऊन साधारण ३० अंशांवर तिरपे ठेवायचे, एक पातळ उशी दोन गुडघ्यांच्या मध्ये, एक पोटऱ्यांखाली, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. शेवटी खालून हात फिरवून पाहायचे: चादरीची वळी, सदऱ्याचे बटण, पोळीचा चुरा, डायपरची मुडपलेली कड. बोलता न येणाऱ्या माणसाच्या पाठीखाली राहिलेले एक बटण दोन तासांत वळ उठवते.

कूस बदलताना पाठ पाहणे हे आमच्या दृष्टीने भेटीतले सगळ्यांत महत्त्वाचे मिनिट. लाल जागा दिसली तर बोटाने हलके दाबायचे. दाबल्यावर फिकी पडून पुन्हा लाल झाली तर वेळ आहे. दाबूनही तशीच राहिली तर जखमेची सुरुवात झाली, असे समजून त्या कुशीवर पुन्हा घ्यायचे नाही आणि त्याच दिवशी नर्सला किंवा डॉक्टरांना कळवायचे. आपल्याकडच्या सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असे नाही. ती जागा काळसर-जांभळट, हाताला गरम किंवा टणक लागते. अशा जागेवर मालिश करू नये, हळद किंवा पावडर भरू नये. पोकळ रिंगेवर बसवूही नये. रिंगेच्या कडेने भोवतालचा रक्तपुरवठा तुटतो.

दुसरी चूक प्रेमापोटी होते. भेटायला येणारे आडव्या माणसाला चमच्याने सरबत, नारळपाणी, पेज पाजतात. अर्धांगवायूनंतर गिळण्याची ताकद कमी झालेली असेल तर पातळ पदार्थ घट्ट पदार्थापेक्षा जास्त धोक्याचा. तो श्वासनलिकेत उतरतो आणि दोन दिवसांनी न्यूमोनिया होतो. पाणी पिताना ठसका लागणे, पिल्यावर आवाज घोगरा, ओलसर येणे या खुणा आहेत. म्हणून आमच्या सेवकांनी स्वतःहून काहीही भरवायचे नाही. घरच्यांनी डॉक्टरांना विचारून सांगितले असेल तरच, उठवून बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, लहान चमच्याने भरवायचे. नंतर निदान अर्धा तास आडवे करायचे नाही. नाकातल्या नळीतून भरवणे, लघवीची नळी (कॅथेटर) बदलणे, जखमेचे ड्रेसिंग ही कामे नर्सची. लघवीची पिशवी मात्र आपल्याही ध्यानात असावी: ती नेहमी कमरेच्या पातळीखाली, पण जमिनीला न टेकलेली. कूस बदलताना ती उचलून पोटावर ठेवली तर लघवी उलटी जाते आणि जंतुसंसर्ग होतो.

हे वाचून कुणी म्हणेल, हे शिकलेल्या माणसाचे काम. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० साली काम सुरू केले आणि खेड्यातल्या बायांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्यांतल्या कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती. १९७९ साली त्या दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. नीट शिकवले, पुन्हापुन्हा करून घेतले, की साधी माणसे हे काम उत्तम करतात, हे जामखेडने जगाला दाखवले. आपल्याला तर त्याचा अगदी लहानसा भाग शिकायचा आहे.

चौघेच का, तेही सांगतो. उचलायला दोघे लागतात, म्हणून एका भेटीला दोन जण. आठवड्याला दोन भेटी, प्रत्येकी ३ तास. दोन जोड्यांनी एकेक भेट वाटून घेतली तर एका माणसाला आठवड्यातून फक्त ३ तास द्यावे लागतात. एखाद्याची ड्युटी बदलली, घरात लग्न निघाले, तर उरलेल्यांतून कुणीतरी भरून काढतो. दोघांचेच गट केले तर ते ईस्टरआधीच्या उपवासकाळात उत्साहाने सुरू होतात आणि मे महिन्यात बंद पडतात. ज्या घरी कुणी येणार म्हणून वाट पाहिली जाते, तिथे न जाणे हे सुरू न करण्याहून वाईट. म्हणून आम्ही किमान ६ महिन्यांचा शब्द मागतो. तेवढा देता येत नसेल तर मोकळेपणाने सांगा. रुग्णांना वापरायला द्यायच्या वस्तू जिथे ठेवतो त्या साहित्य-खोलीत एका रविवारच्या एका तासाचेही काम असते.

त्या ३ तासांत घरातल्या सांभाळणाऱ्या माणसाने बाहेर पडावे, अशी आमची इच्छा असते. बँक, रेशन, स्वतःची रक्तदाबाची तपासणी, किंवा आतल्या खोलीत दार लावून झोप. बहुतेक जणी झोपतात.

नियम थोडे आहेत आणि ते आम्ही मोडू देत नाही. स्त्री रुग्णाकडे जोडीत निदान एक स्त्री हवी. अंग पुसणे, कपडे बदलणे तिनेच करायचे. एकट्याने जायचे नाही. पेन्शनचे पुस्तक, एटीएम कार्ड, दागिने, सही-अंगठ्याचे कागद यांना हात लावायचा नाही. रुग्णाचा फोटो काढायचा नाही, आणि त्याच्या दुखण्याचे वर्णन सार्वजनिक प्रार्थनेत नाव घेऊन करायचे नाही.

आणखी एक. हे काम कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही जातीच्या घरासाठी आहे. यादीत नाव येते ते गरज पाहून. अशा घरी पत्रके न्यायची नाहीत, उपदेश करायचा नाही. प्रार्थना घरच्यांनी मागितली तर करावी, थोडक्यात करावी. जो उठून दुसऱ्या खोलीत जाऊ शकत नाही, त्याच्या उशाशी बसून त्याने न मागितलेले ऐकवणे हा त्याच्या असहायतेचा फायदा घेणे होय. येशूच्या दाखल्यात वाटेवरच्या परक्या जखमीला मदत करणाऱ्या चांगल्या शोमरोन्याने त्या जखमी माणसाला आधी त्याचा धर्म विचारला नव्हता, आणि बरे झाल्यावर त्याच्याकडून काही मागितलेही नव्हते. आपली सुवार्ता त्या चादरीच्या टोकाला धरलेल्या मुठीत आहे, असे आम्ही मनापासून मानतो.

आता साहित्य. सर्वांत निकड एअरबेडची, म्हणजे पंपाने फुगणाऱ्या हवेच्या गादीची, जिला बरेच जण अल्फाबेड म्हणतात. असे ६ हवेत. जुना देणार असाल तर आधी घरी पंप ४ तास चालवून पाहा. फुगे आळीपाळीने भरतात आणि रिकामे होतात का, नळ्यांना चीर आहे का. उंदीर नळ्या कुरतडतात, हे नेहमीचे. ज्यांच्याकडे आमचा बेड आहे त्यांच्यासाठीही दोन गोष्टी: बेडवर जाड गादी किंवा गोधडी घालू नका, सगळा उपयोग जातो, आणि कमरेखाली, बेडच्या खालून हात घालून पाहा, हात आणि शरीर यांत इंचभर हवा जाणवली पाहिजे. नाही जाणवली तर पंपाची खुंटी वाढवा. वीज गेली की बेड बसतो, तेव्हा ताबडतोब कूस बदला. एअरबेड आला म्हणजे कूस बदलायला नको, ही समजूत दूर करण्यात आमचा बराच वेळ जातो.

वॉकर ८, खालच्या रबरी टोप्या शाबूत असलेले. टोपी झिजलेला वॉकर ओल्या फरशीवर माणसाला पाडतो. चाकाच्या खुर्च्या ३, दोन्ही ब्रेक लागणाऱ्या. खुर्ची मागणाऱ्यांनी येताना दाराची मोजलेली रुंदी आणावी, जुन्या घरांतल्या न्हाणीघराच्या दारातून खुर्ची जात नाही आणि ती अंगणातच गंजते. कमोडच्या खुर्च्या ४. मोठ्यांचे डायपर सतत लागतात. एका रुग्णाला दिवसाला ४ धरले तर महिन्याला १२०. उघडलेले पाकीटही चालेल, फक्त ते कोरडे आणि कंबरेचे माप लिहिलेले असावे. पातळ उशा हव्यात. धुऊन मऊ झालेल्या सुती चादरी, नऊवारी लुगडी, धोतरेही हवीत. टेरिकॉट नको, घाम शोषत नाही. औषधे अजिबात आणू नका, सीलबंद असली तरी. ऑक्सिजनची यंत्रे २०२१ नंतर बऱ्याच ठिकाणी पडून आहेत; तीही सध्या नकोत.

परत आलेले साहित्य आधी साबणाच्या पाण्याने धुतात, मग लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम ब्लीचिंग पावडर टाकून त्याने पुसतात, दहा मिनिटांनी साध्या पाण्याने पुन्हा पुसतात, नाहीतर लोखंड गंजते. एअरबेड सावलीत वाळवतात, उन्हात प्लास्टिक तडकते. या कामाला हातमोजे, ब्लीचिंग पावडर आणि दर रविवारी दोन माणसे लागतात.

साहित्य परत येण्याबद्दल एक विनंती. माणूस गेल्यावर त्याचा वॉकर कोपऱ्यात तसाच उभा राहतो, त्याला हात लावायला घरच्यांचे मन होत नाही. आम्ही महिनाभर काहीही विचारत नाही. नंतर दोघे जण भेटायला येतात, बसतात, आणि घरच्यांनी होय म्हटले तरच तो घेऊन जातात. आपल्या घरी असे काही राहिले असेल तर फक्त निरोप द्या, न्यायला आम्ही येऊ.

पैशांची देणगी पावती घेऊनच द्यावी. २,००० रुपयांहून जास्त रक्कम चेकने किंवा बँकेतून द्या. परदेशात असलेल्या, पण भारतीय पासपोर्टवर असलेल्या नातेवाइकांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली रक्कम चालते. ज्यांनी तिकडचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी, ओसीआय (मूळ भारतीय असलेल्या परदेशी नागरिकांचे) कार्ड असले तरी, विदेशी देणग्यांबाबतच्या २०१० च्या कायद्याने (एफसीआरए) विदेशी ठरते, आणि त्यासाठी लागणारी नोंदणी आमच्याकडे नाही. त्यांनी पैसे पाठवू नयेत, इथल्या कुणाच्या खात्यातून फिरवूनही देऊ नयेत. सुट्टीवर याल तेव्हा ३ तास द्या.

नावे रविवारच्या उपासनेनंतर चर्चच्या आवारातल्या साहित्य-खोलीपाशी नोंदवावीत. ज्यांच्या घरी रुग्ण आहे त्यांनीही तिथेच सांगावे. स्वतः येता येत नसेल तर शेजाऱ्याकरवी चिठ्ठी पाठवली तरी चालेल. प्रशिक्षण दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी ३ ते ६. येताना एक जुनी सुती चादर आणि दोन उशा आणा, नखे कापून या, हातातल्या अंगठ्या आणि बांगड्या घरी ठेवा. प्रत्येकाला एकदा उचलणारा आणि एकदा पडून राहणारा व्हावे लागते.