मालगाडीही तिच्या काळाची असावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींविषयी जे लिहिले जाते, त्यात बहुतेक सारे कौतुक इंजिनाच्या वाट्याला येते. अमेरिकेतील एकोणिसाव्या शतकातली गाडी उभारताना इंजिन कोणत्या वर्षाचे हे कसून तपासले जाते, आणि मग त्याच्यामागे मिळतील त्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, आणि शेवटी कंडक्टर-ब्रेकमनचा मिळेल तो डबा, म्हणजे कॅबूस, जोडला जातो. ही ढिलाई मला मनापासून खटकते.

वेस्टिंगहाउस यांचा हवेच्या दाबावरचा ब्रेक १८६९ मध्ये आला खरा, परंतु तो आधी प्रवासी गाड्यांना लाभला; मालगाड्या पुढे कित्येक वर्षे हातब्रेकवरच चालल्या. इंजिनाची शिटी झाली की ब्रेकमन डब्यांच्या टपावरील अरुंद फळीवरून, मग ती बर्फाने निसरडी झालेली का असेना, धावत जाऊन एकेका डब्याचे ब्रेकचे चाक आवळत असे. डबे जोडताना माणूस दोन डब्यांच्या मध्ये उभा राहून लोखंडी कडी हाताने जागेवर धरी आणि खीळ टाकी. त्यात असंख्य कामगारांची बोटे गेली, अनेकांचे प्राण गेले. जेनी यांनी आपोआप जुळणाऱ्या जोडणीचे पेटंट १८७३ मध्येच घेतले होते, तरी आयोवाच्या लोरेन्झो कॉफिन यांच्यासारख्यांना वर्षानुवर्षे झगडावे लागले, तेव्हा कुठे २ मार्च १८९३ रोजी हवेचा ब्रेक आणि आपोआप जुळणारी जोडणी सक्तीची करणारा सुरक्षा-साधनांचा कायदा झाला. म्हणून १८७५ सालची म्हणून मांडलेल्या मालगाडीला नवी जोडणी आणि हवेच्या नळ्या लटकवल्या, तर ज्यांच्या जिवावर ती गाडी चालत होती त्यांचे कष्टच आपण पुसून टाकतो.

एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० प्रमाणात, एवढे कोणाला दिसणार, असे म्हटले जाते. मला ते पटत नाही. ३६ फुटी वाघीण या प्रमाणात जेमतेम ६९ मिलिमीटरची होते आणि तिच्या लाकडी सांगाड्याला तोलणारे, तळाखालचे सव्वा इंची ताणगज ०.२ मिलिमीटरचे; साच्यातले जाडजूड प्लास्टिक काढून तिथे बारीक तार ताणली की डब्याचे रूपच पालटते. धावत्या गाडीला कडी-खिळीची जोडणी या आकारात जमत नाही, ही सवलत मी देईन. फडताळात नुसत्या उभ्या असलेल्या गाडीला मात्र ती सवलत नको.

सुरुवातीचे अनेक कॅबूस म्हणजे खिडक्या आणि शेगडी बसवलेल्या साधे मालडबे होते. टपावरचा टेहळणीचा मनोरा नंतर रूढ झाला. चार चाकांचे आखूड कॅबूस प्रतिकृतीत विशेष देखणे दिसतात, पण हलके असल्याने वळणावर रुळांवरून उतरतात. एन स्केलसाठी अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने सुचवलेले वजन अर्धा औंस अधिक लांबीच्या दर इंचाला ०.१५ औंस असे आहे. तेवढे शिसे तळाखाली सहज लपते.

उत्पादकांनी प्रत्येक डब्याच्या खोक्यावर तो कोणत्या वर्षांत धावत होता हे छापावे, आणि आपणही अशा प्रतिकृतींची छायाचित्रे छापताना इंजिनाबरोबर वाघिणींचा आणि कॅबूसचा काळ नोंदवावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक