ॲबरम्यूलची चकती

प्रिय सुधाकर,
सप्रेम नमस्कार.

एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येत नाहीत त्या कुणाच्या भरवशावर, हा तुझा प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसलो. सिग्नल पडला की गाडी सुटते, एवढंच फलाटावरून दिसतं. पण पुढच्या सेक्शनचा, म्हणजे पुढच्या स्टेशनापर्यंतच्या रुळाचा परवाना ड्रायव्हरच्या हातात असावा लागायचा. आपल्याकडे तो म्हणजे स्टेशनातल्या नीलच्या यंत्रातून निघणारा धातूचा गोळा असायचा. चामडी पिशवीत घालून, कड्याला अडकवून पॉइंट्समन तो चालत्या इंजिनाकडे उंच धरायचा, ते तू पाहिलं असशीलच.

अशा यंत्रांची जात मूळची इंग्लंडातली. सप्टेंबर १८७४ मध्ये नॉर्विचजवळ थॉर्प इथं तारेच्या निरोपांत घोळ झाला, दोन गाड्या भिडल्या आणि २५ माणसं गेली. त्यानंतर एडवर्ड टायरनं १८७८ मध्ये चकतीचं यंत्र आणलं; तिथं गोळ्याऐवजी चकती हाच परवाना. दोन्ही स्टेशनांतली यंत्रं विजेनं जोडलेली. पलीकडच्यानं लाइन क्लिअर, म्हणजे गाडी सोडायला संमती, दिल्याशिवाय इकडे चकती निघत नाही आणि एक बाहेर असेपर्यंत कुठूनच दुसरी निघत नाही. चकतीवर सेक्शनच्या दोन्ही स्टेशनांची नावं कोरलेली. इतकं चोख यंत्र, तरीही ॲबरम्यूल घडलं.

ॲबरम्यूल म्हणजे वेल्समधल्या केंब्रियन रेल्वेचं खेड्यातलं स्टेशन. केरीकडे जाणारा छोटा फाटा इथूनच फुटायचा. सिग्नल पाडायचे खटके सिग्नलच्या केबिनमध्ये, पण चकत्यांची यंत्रं मात्र स्टेशनच्या इमारतीत. सारं दुखणं इथंच होतं असं माझं ठाम मत आहे. खटक्यांना केबिनमन सोडून कुणी हात लावायचं नाही. यंत्रांशी मात्र स्टेशनमास्तर, पोर्टर, बुकिंगचा पोरगा, ज्याला सवड असेल तो जायचा.

२६ जानेवारी १९२१. मॉन्टगोमेरीकडून पॅसेंजर आली. समोरून, न्यूटाउनकडून, एक्सप्रेस निघाली होती आणि तिला रीतसर लाइन क्लिअर दिलेलं होतं. बदलीवर आलेले स्टेशनमास्तर तेव्हा जेवायला गेले होते. परतल्यावर हे त्यांना कुणी सांगितलंच नाही. बुकिंगच्या पोरानं पॅसेंजरच्या ड्रायव्हरकडून चकती घेतली, ती यंत्रात टाकायची होती. वाटेत मास्तर भेटले, त्यांच्या हातात चकती ठेवून पोरगा तिकिटं गोळा करायला पळाला. मास्तरांना वाटलं, ही पुढच्या सेक्शनचीच. त्यांनी ती ड्रायव्हरला दिली. ड्रायव्हरनं जी चकती आत्ताच उतरवली होती तीच त्याच्याकडे परत आली, आणि तिच्यावरची नावं त्यानंही वाचली नाहीत. सिग्नल पडला, गाडी सुटली.

१७ जण मेले. त्यांत कंपनीचे एक संचालकही होते. एक्सप्रेसचा ड्रायव्हर उडी मारून वाचला. जखमी अवस्थेतही त्याला आधी चकत्या शोधायच्या होत्या. त्याची स्वतःची बरोबर होती. दुसरी ढिगाऱ्यात सापडली, तिच्यावर मॉन्टगोमेरी–ॲबरम्यूल.

या माणसांनी हयगय केली, हे मान्यच. पण चार जणांची हयगय एका ओळीत येऊ शकते, अशी मांडणी कुणी केली होती? यंत्राचा विश्वास चकती बाहेर पडेपर्यंतच. तिथून इंजिनापर्यंतची पावलं मोकळी होती, आणि पुढच्या सेक्शनची चकती निघालेली नसतानाही सिग्नल पडू शकत होता. चौकशीनंतर नेमकं हेच बदलायला सांगितलं गेलं: यंत्रं केबिनमनच्या ताब्यात द्या आणि सुटण्याचा सिग्नल चकतीशी जखडा. मला ही दुरुस्ती मूळ शोधाइतकीच मोठी वाटते.

त्या मार्गावर पुढे चकत्या गेल्या, १९८८ मध्ये परवाना रेडिओवरून ड्रायव्हरच्या केबिनमधल्या यंत्रावर उमटू लागला आणि २०११ पासून मखन्क्लेथच्या नियंत्रण केंद्रातून थेट इंजिनातल्या पडद्यावर सिग्नल मिळतो. ॲबरम्यूलला आता गाडी थांबतही नाही.

तुमच्या बाजूच्या एखाद्या स्टेशनात गोळ्याचं जुनं यंत्र अजून असेल, तर ते कुणाच्या खोलीत ठेवलंय, मास्तरांच्या की केबिनमध्ये, ते जरूर विचार आणि मला कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
अनंत