फवारणीवाल्यांचं रक्त आत्ताच साठवून ठेवा

संपादक साहेब,
स.न.

कंपवातावर नवीन टेस्ट निघाली, नवीन औषध येतंय अशा बातम्या पेपरात आल्या की आमच्या घरी चष्मा लावून वाचल्या जातात, कारण माझ्या सासऱ्यांना पार्किन्सन्स, म्हणजे तोच कंपवात, आहे. पण हे संशोधन करताना आमच्याकडची माणसं कोणी तपासली का, हे काही त्यात लिहिलेलं नसतं.

आता ती टेस्टच बघा. पाठीतलं पाणी काढून त्यात अल्फा-सिन्युक्लिन नावाचं बिघडलेलं प्रोटीन आहे का ते ओळखायची पद्धत २०२३ मध्ये मोठ्या अभ्यासात बरीचशी खरी ठरली, आणि रक्तावरूनच कळावं म्हणून काम चालू आहे. याचं महत्त्व असं की हात थरथरायला लागतो तोवर डोपामाइन, म्हणजे हालचालीला लागणारं रसायन, बनवणाऱ्या मेंदूतल्या पेशी निम्म्याच्या आसपास संपलेल्या असतात. वास न येणं, पोट साफ न होणं, झोपेत ओरडणं, लाथा मारणं हे कित्येक वर्षं आधीच सुरू झालेलं असतं, पण खेड्यात त्याला आजार कोण म्हणतो. आमच्या मामाजींचं, म्हणजे सासऱ्यांचं, तर बँकेनं पहिले ओळखलं म्हणा ना. पीककर्जाच्या कागदावर सही केली तर काउंटरवरचा पोरगा म्हणे "काकाजी, सही जुळत नाही जी, परत करा", परत केली तर अजूनच बारीक, शेवटी अंगठा लावून आले. अक्षर बारीक होत जाणं हे या आजाराचंच लक्षण आहे हे नागपूरला गेल्यावर कळलं, तोवर इकडे मालिश, तेल, कॅल्शियमच्या गोळ्या सगळं करून झालं होतं. आता लेव्होडोपा चालू आहे, औषध १९६० च्या दशकातलं, पण आजही मुख्य तेच. त्यानं हालचाल सुधरते, आजार थांबत नाही, आणि वरणासोबत घेतली तर गोळी नीट लागत नाही, प्रोटीन आडवं येतं, म्हणून जेवायच्या अर्धा तास आधी द्यावी लागते.

मामाजींनी जन्मभर कपाशीवर पंप मारला. त्यांना त्यानंच झालं असं मी म्हणत नाही, ते कोणीच सांगू शकत नाही. पण प्रयोगशाळेत उंदराला पार्किन्सन्ससारखा आजार आणायचा तर शास्त्रज्ञ पॅराक्वॅट वापरतात, तेच तणनाशक, युरोपात २००७ पासून बंद आहे आणि आपल्याकडे विकतात. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली तेव्हा सगळे धावत आले, पण जे वाचले त्यांचं वीस वर्षांनी काय होईल हे कोणी बघायचं?

एमएसचं उदाहरण घ्या, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार, हा तरण्याताठ्या पोरीबाळींना जास्त होतो. त्यामागे एपस्टाइन-बार व्हायरस आहे याचा सगळ्यात पक्का पुरावा २०२२ मध्ये मिळाला, तो कशावरून, तर अमेरिकेच्या लष्करानं आपल्या जवानांचं रक्त वर्षानुवर्षं साठवून ठेवलं होतं म्हणून. आजारी पडायच्या आधीचं रक्त होतं, म्हणून नंतर शोधता आलं. आपण का नाही करू शकत? सेवाग्रामला मेडिकल कॉलेज आहे, यवतमाळला सरकारी आहे, नागपूरला तर एम्स आहे.

माझी मागणी एवढीच, की फवारणी करणाऱ्यांचं रक्त आत्ता घेऊन साठवा, आणि दरवर्षी वास येतो का, चाल कशी आहे, सही बारीक होते का एवढं आशाताईंकडून नोंदवून घ्या, त्यांना त्याचे वेगळे पैसे देऊन. आणि हो, यादी सातबाऱ्यावरून काढू नका, आमच्याकडे पंप बहुतेक रोजंदारीवाल्याच्याच पाठीवर असतो नं.

एक वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ