ट्युबिफेक्स टँकमध्ये टाकण्याआधी

पुणे,
२० जुलै

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र काल मिळालं. एंजल माशांची जोडी जमली, दोघं मिळून फिल्टरचा पाइप तोंडानं घासून साफ करतायत, हे वाचून किती आनंद झाला म्हणून सांगू! अंडी घालण्याचीच ही तयारी. अशा वेळी मादीला जिवंत खाद्य द्यावं असं तुझ्या मनात आलं ते योग्यच आहे. दुकानदारानं ट्युबिफेक्स घ्या म्हटल्यावर तू आधी मला विचारलंस, हेही फार बरं केलंस.

हा लाल किडा कुठे राहतो ते आधी बघ. संथ गटारं, सांडपाण्याचे नाले, तळाशी गाळ आणि पाण्यात प्राणवायू जवळजवळ नाही, अशा जागी तो डोकं चिखलात खुपसून आणि शेपूट वर हलवत जगतो. अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे तिथला तुटपुंजा प्राणवायूही त्याला पुरतो, आणि त्याचा लाल रंगही हिमोग्लोबिनचाच. खातो तो त्या गाळातले जिवाणू. म्हणजे आपण माशाला नुसता किडा देत नाही, किड्याच्या पोटातलं गटारही देतो. चार दिवसांनी माशाचे पंख कुजायला लागतात किंवा पोट फुगतं, आणि आपण औषधं शोधत बसतो.

तरीही तो द्यायचाच असेल तर निदान दोन-तीन दिवस उपाशी ठेवून धुवायला हवा. पसरट ट्रेमध्ये पातळ थर कर. रात्रभर उघडं ठेवून क्लोरिन उडालेलं गार पाणी वर येईल इतकंच घाल आणि दिवसातून चार-पाच वेळा बदल. प्रत्येक वेळी पाण्याची धार सोडून गोळा फोड, म्हणजे मेलेले वाहून जातात. जिवंत किडे पुन्हा लगेच एकमेकांना चिकटून गोळा करतात. जे फिके पडून सुटे राहतात, ज्यांना वास येतो, ते सगळे फेकून दे, त्यात काटकसर नको. ट्रे फ्रिजमध्ये ठेवणार असशील तर झाकणाचा वेगळा डबा घे आणि वहिनींना आधी विचार.

पण कारखान्याच्या सांडपाण्यातले जड धातू किड्याच्या अंगातच मुरलेले असतात. कितीही धुतलं तरी ते निघत नाहीत. म्हणून माझ्या टँकसाठी मी ट्युबिफेक्स घेत नाही, आणि तूही घेऊ नयेस असं मला मनापासून वाटतं.

मग द्यायचं काय? अप्पांच्या शेतातलं गांडूळ! पण कुठलं, ते महत्त्वाचं. गांडूळखताच्या बेडमधलं तांबडं, पट्ट्यापट्ट्यांचं आणू नकोस. ते दुखावलं की अंगातून पिवळा, उग्र वासाचा द्रव सोडतं. बरेच मासे ते तोंडात घेऊन लगेच थुंकतात, आणि तो द्रव त्यांना बाधतोही. बांधावरच्या साध्या मातीतलं गांडूळ घे, तेही जिथे फवारणी किंवा युरिया पडलेला नाही अशा जागेचं. सध्या पाऊस आहे, सकाळी सहज मिळतील. ओल्या कागदात गुंडाळून, हवा खेळेल अशा डब्यात एक-दोन दिवस ठेव. पोटातली माती बाहेर पडली की स्वच्छ धू आणि एंजलच्या तोंडात मावतील इतके बारीक तुकडे कर. याच्याइतकं चांगलं खाद्य विकत मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

गावतळ्यातून जाळीनं काही गाळून मात्र आणू नकोस. जिथे मासे आहेत त्या पाण्यातल्या बारीक जिवांबरोबर कॅमालॅनस नावाचा जंत येतो. माशाच्या गुदद्वारातून लाल दोरे लोंबताना दिसले की समजायचं. एकदा तो टँकमध्ये शिरला की सगळ्याच माशांना औषध द्यावं लागतं. आणि चिमी म्हणते तशी गच्चीवरच्या बादलीत डासांची अळी नको. आठवड्याभरात तिचे डास होतात, त्यात डेंग्यूचे दिवस.

ब्लडवर्म, म्हणजे एक लाल अळी, गोठवलेली मिळते, ती चालेल. वडी वेगळ्या पाण्यात वितळवून, गाळून मगच टाक. फक्त चिमीला हातानं देऊ देऊ नकोस, चिमटा दे. या अळीची काही जणांना ॲलर्जी होते. खाज सुटते, दमासुद्धा लागतो.

कायमचा उपाय म्हणशील तर ग्रिंडल वर्म घरी वाढवणं. पांढरा, धाग्यासारखा, सेंटिमीटरभराच्या आतला किडा. गटाराशी त्याचा काही संबंध नाही. पसरट डब्यात उकळून गार केलेलं ओलसर कोकोपीट, त्यावर चिमूटभर ओट्सची पूड आणि पुडीवर प्लॅस्टिकचा तुकडा. किडे त्या तुकड्याच्या खालच्या बाजूला गोळा होतात. तुकडा उचलून वाटीभर पाण्यात धुतला की खाद्य तयार. झाकणाला भोकं पाड आणि आतून कापड लाव, नाहीतर चिलटं शिरतात. खाणं संपल्याशिवाय नवीन घालू नकोस, बुरशी धरते. उन्हाळ्यात तीस अंशांच्या वर गेलं की ते टिकत नाहीत, तेव्हा डबा माठाच्या शेजारी खाली ठेवायचा. विरजणासारखं आहे, एका डब्यातून दुसरा लावता येतो, म्हणून कायम दोन डबे ठेव.

काहीही दिलंस तरी दोन-तीन मिनिटांत संपेल इतकंच, आणि आठवड्यातून दोनदा. उरलेले किडे खडीत शिरून मरतात आणि पाण्यात अमोनिया वाढतो. ज्या दिवशी देशील त्याच्या दुसऱ्या दिवशी थोडं पाणी बदल. फायटर माशाला दोन-तीन किडे पुष्कळ झाले, तो मागतच राहतो. चिमीच्या गोल्डफिशला तर अगदी क्वचित. त्याला उकडून सोललेला मटार जास्त मानवतो.

अंडी दिसली की लगेच फोन कर. साधारण आठवड्याभरात पिल्लं पोहायला लागतात, आणि तेव्हा त्यांना नुकती फुटलेली आर्टेमियाच हवी, म्हणजे खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे बारीक जीव. तिची अंडी मिठाच्या पाण्यात फुटायला एक-दीड दिवस लागतो, म्हणून ती आधीच आणून ठेव.

पुढच्या रविवारी मी साताऱ्याला येतोय. ग्रिंडलचा एक डबा घेऊन येईन. तू कोकोपीट उकळून, गार करून ठेव. अप्पांना आणि वहिनींना नमस्कार, चिमीला आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत