चमत्कार नव्हे, टॅकल

महोदय,

२००७ साली लंडनच्या १४ वर्षांखालील शालेय रग्बी स्पर्धेत भुवनेश्वरच्या ‘कलिंग इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’च्या आदिवासी मुलांनी अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या संघाला १९-५ असे हरवले. हा विषय निघाला की ‘चमत्कार’ हा शब्द हमखास येतो. तो खटकतो.

हलक्या अंगाचा संघ तरतो तो टॅकलवर, म्हणजे चेंडू घेऊन पळणाऱ्याला धरून पाडण्यावर. खांदा समोरच्याच्या मांडीवर, डोके त्याच्या मागच्या बाजूला (पुढे राहिले तर गुडघा थेट तोंडावर) आणि दोन्ही हातांची घट्ट मिठी. पाय जुळले की केवढाही गडी आडवा होतो. कबड्डी खेळलेली आपली मुले इथवर झकास करतात, पण पकड सोडायला विसरतात! गडी जमिनीवर आला की त्याला लगेच सोडून बाजूला व्हायचे. नाहीतर समोरच्या संघाला पेनल्टी, आणि तिची किक गोलखांबांमधून गेली की तीन गुण. चेंडू हाताने पुढे फेकता येत नाही, म्हणून साथीदार चेंडूच्या दोन पावले मागेच हवा.

स्क्रममध्ये (दोन्ही संघांचे गडी वाकून, भिडून चेंडूसाठी एकमेकांना रेटतात तेव्हा) वजन बोलते, हे खरे. तरी १९ वर्षांखालील नियमांत दीड मीटरपलीकडे रेटता येत नाही.

– एक रग्बीप्रेमी, पुणे