घटिकापात्राचे भोक आणि भास्कराचार्य

महोदय,

मध्ययुगात धर्माने विज्ञानाची वाट अडवली, असे सरसकट लिहिले जाते. आपल्याकडचे घटिकापात्र, म्हणजे पाण्यावर चालणारे जुने घड्याळ, पाहिले की हे पटत नाही. लग्नाचा मुहूर्त, व्रताची तिथी, ग्रहणाचे पर्व ही धर्माची गरज. ती भागवायला काळ काटेकोर मोजावाच लागे. सूर्यसिद्धान्त हा जुना ज्योतिषग्रंथ सांगतो: तळाला भोक असलेले तांब्याचे पात्र निर्मळ पाण्यावर ठेवावे, ते अहोरात्रात ६० वेळा बुडते. एक बुडी म्हणजे एक घटिका, २४ मिनिटे.

त्यातला ‘निर्मळ’ हा शब्द उगाच नाही. भोकात गाळ किंवा पूजेची अक्षता अडकली की पाणी सावकाश शिरते आणि घटिका लांबते. घासूनघासून भोक रुंदावले की ती आखूड होते. बुडालेले पात्र उचलून रिकामे करण्यात दर वेळी १० सेकंद गेले, तर दिवसाकाठी १० मिनिटांची चूक पडते.

जुन्या ग्रंथांत पात्राची मापे ठरलेली होती: तांबे १० पल (पल हे जुने वजन), उंची ६ अंगुळे (अंगूळ म्हणजे बोटाची रुंदी) आणि भोक पाडायला ठरावीक वजनाच्या सोन्याची ४ अंगुळे लांब सुई. गणिती भास्कराचार्यांनी सिद्धान्तशिरोमणी या आपल्या ग्रंथात (११५०) ही मापे युक्तिशून्य (तर्काला न धरून) आणि दुर्घट (बनवायला अवघड) ठरवली. त्यांची रीत साधी आहे. हाती असेल ते पात्र घ्या, अहोरात्रात किती वेळा बुडते ते मोजा आणि त्या संख्येने ६० घटिकांना भागा. पात्र ६४ वेळा बुडाले, तर एक बुडी साडेबावीस मिनिटांची. परंपरेतले माप बाजूला सारून प्रत्यक्ष मोजणीवर भिस्त ठेवणारा हा माणूस धर्माबाहेरचा नव्हता. चंद्रग्रहण पृथ्वीच्या छायेने होते हे गणिताने मांडतानाच, राहू त्या छायेत शिरतो असे सांगून त्यांनी पुराणांशीही मेळ घातला. ही तडजोड झाकू नये, तिची टवाळीही करू नये.

त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ काढला. त्याला दिलेल्या दानाचा १२०७ चा शिलालेख तिथल्या भवानीच्या देवळात आहे, आणि ते दान ग्रहणाच्या पर्वावर दिलेले आहे.

भास्कराचार्यांची मुलगी म्हणून सांगितल्या जाणाऱ्या लीलावतीच्या लग्नात घटिकापात्राच्या भोकात मोती अडकला, ही गोष्ट मात्र भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. ती अकबराच्या दरबारातला कवी फैजी याने त्यांच्या ‘लीलावती’ या गणितग्रंथाच्या केलेल्या १५८७ च्या फारसी भाषांतरातून आली. मुलांना सांगताना ती दंतकथा म्हणूनच सांगावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक